प्रा. दामले : गैरहजर

आमच्या बुऱ्हाणपूरच्या लालबागेत गणपतीच्या नाटकासाठी तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ घ्यायचं ठरलं, तेव्हा पहिली अडचण आली ती नायिकेची, बेणारेबाईंची. सुखात्मे मिळाला, पोंक्षे मिळाला, काशीकर व्हायला तर तिघे तयार होते. कानकोरणं हातात घेऊन न्यायाधीशाच्या खुर्चीत बसायची हौस कुणाला नसते? पण ताप्ती मिल आणि स्टेशन यांच्या आसपासच्या आमच्या मराठी वस्तीत बेणारेचं काम करायला कुणाची लेकसून मिळेना. एका घराने नाटकाचं पुस्तक तीन दिवस ठेवून घेतलं, घरातल्या सगळ्यांनी ते वाचलं आणि चहा पाजून परत केलं. अखेर भुसावळच्या एक बाई मानधनावर आल्या. पॅसेंजरने तालमीला यायच्या, पॅसेंजरने परत जायच्या. गावातली मंडळी त्यांना स्टेशनावर पोचवायला मात्र हौसेने जात.

दुसरी अडचण छापखान्यात आली. हस्तपत्रिकेसाठी पात्रांची यादी करताना आमच्यातल्या कुणीतरी घाईत दामल्यांचंही नाव लिहिलं होतं. कंपोझिटरने विचारलं, “यांचं काम कोण करतंय ते लिहायचं राहिलं.” दामले रंगमंचावर येतच नाही, हे सांगितलं तर त्याला पटेना. ज्याच्यामुळे एवढं सगळं होतं तो माणूस नाटकात नाही, असं कसं? मग गंमत म्हणून एकाने पुढे लिहून दिलं, ‘गैरहजर’. तसंच छापलं गेलं.

मी प्रॉम्प्टर होतो. विंगेत पुस्तक धरून उभं राहिलं की नाटक दिसत कमी आणि ऐकू जास्त येतं. त्यातून त्याच वर्षी बी.ए.ला इंग्रजीत नॅथॅनिएल हॉथॉर्नची ‘द स्कार्लेट लेटर’ लागलेली. एकाच पिशवीत तेंडुलकर आणि हॉथॉर्न घेऊन मी महिनाभर फिरलो. या दोघांची गाठ मी काही विद्वत्तेने घातलेली नाही. ती पिशवीत पडली. पण त्यानंतर आजतागायत एक वाचलं की दुसरं आपोआप हातात येतं, आणि दर वेळी मी त्याच एका प्रश्नापाशी येऊन थांबतो: पुरुष कुठे आहे?

हॉथॉर्नच्या कादंबरीत तो सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. कादंबरी निघाली १८५० च्या मार्चमध्ये. पहिल्या अडीच हजार प्रती दहा दिवसांत संपल्या. गोष्ट मात्र दोनशे वर्षं आधीची, १६४२ ते १६४९ या काळातल्या बॉस्टनची. म्हणजे बुऱ्हाणपुरात मुमताजमहल बाळंतपणात गेली, त्यानंतर अकरा वर्षांनी ती सुरू होते. धर्मासाठी घरदार सोडून समुद्रापार आलेल्या प्युरिटन लोकांची ही वसाहत. कायदा आणि बायबल यांत फरक करायचा असतो, हे त्यांच्या गावी नव्हतं. हेस्टर प्रिनचा नवरा दोन वर्षं बेपत्ता आणि कुशीत तीन महिन्यांची मुलगी. तिला तुरुंगाच्या दारातून बाजारातल्या चौथऱ्यावर आणून तीन तास उभं करतात. छातीवर लाल कापडाचं ‘ए’ हे अक्षर, ते मरेपर्यंत वागवायचं. हे अक्षर कोणत्या शब्दाचं, तो शब्द अख्ख्या कादंबरीत एकदाही येत नाही. (आपल्या ‘अ’वरून कोट्या करायचा मोह होतो, आवरतो.)

त्या अक्षराभोवती हेस्टरने सोन्याच्या जरीचं भरतकाम केलं आहे. जमलेल्या बायकांना सर्वांत जास्त झोंबतं ते हेच. बुऱ्हाणपूरच्या वाचकाला हा तपशील पटकन कळावा. कलाबतूच्या कामासाठी हे गाव एके काळी लांबवर नावाजलेलं होतं. जर अंगावर कुणी, कधी, कशासाठी मिरवायची याची समज इथल्या हवेत आहे. शिक्षेचं चिंधूक हेस्टर शालूच्या काठासारखं सजवते. ती काही बोलत नाही, माफी मागत नाही, बंडाची भाषाही करत नाही. सुई बोलते. पुढे सारं गाव तिच्याकडून कपडे भरून घेतं, गव्हर्नरच्या चुणीदार गळपट्टीपासून मयताच्या कफनापर्यंत. फक्त नवरीच्या तोंडावरचा पदर तिच्याकडे कुणी देत नाही. ढोंगाचं इतकं अचूक वर्णन मी दुसरीकडे वाचलेलं नाही: तिच्या हातांचं कसब चालतं, त्या हातांचा विटाळही होतो, आणि दोन्हींच्या मधली रेघ कुठे मारायची हे कुणी न सांगता गावाला ठाऊक असतं.

आणि पुरुष? तो चौथऱ्याच्या वरच्या सज्जात उभा आहे. आर्थर डिम्सडेल, तरुण पाद्री, गावाच्या गळ्यातला ताईत. मुलीच्या बापाचं नाव सांगायला हेस्टरला भाग पाड, असा हुकूम त्यालाच होतो. तो वाकून, थरथरत्या आवाजात तिला विनवतो: त्या माणसाची दया करून गप्प राहू नकोस, त्याला उंच जागेवरून खाली उतरून तुझ्या शेजारी उभं राहावं लागलं तरी ते त्याच्या भल्याचंच होईल. लोकांना वाटतं, काय कळवळा आहे! हेस्टरला यातला शब्द न् शब्द कळतो. आपल्याला तो दुसऱ्या वाचनात कळतो, कारण पहिल्या वाचनात आपणही बाजारातल्या गर्दीत उभे असतो. मी तर विद्यार्थिदशेत त्या भाषणाला ‘उदात्त’ म्हणून खूण केली होती. ती पेन्सिलची खूण अजून पुस्तकात आहे.

कादंबरीचा खरा गाभा अकराव्या प्रकरणात आहे. सात वर्षांत डिम्सडेल आतून पोखरला गेलाय. रात्री कपाटातला आसूड काढून स्वतःच्या पाठीवर ओढतो, गुडघे लटपटेपर्यंत उपास करतो. आणि व्यासपीठावरून, एकदा नव्हे अनेकदा, तो कबुली देतो: मी पापी आहे, तुम्हा सर्वांहून नीच आहे. ऐकणारे काय करतात? त्याला जास्तच पूजतात. एवढ्या पवित्र माणसाला स्वतःत इतकं पाप दिसतं, तर आमचं काय होणार! आणि असंच होईल हे त्याला माहीत असतं. तो अक्षरशः खरं बोलतो आणि त्या खऱ्याचं तोंडातच खोटं होतं.

हा प्रसंग कळायला आपल्याला बॉस्टनला जावं लागत नाही. कीर्तनाला बसलेला कुठलाही मराठी माणूस तो ओळखेल. बुवा टाळ थांबवून म्हणतात, मी पतित, मी अधम, माझ्यासारखा पापी दुसरा नाही. आपण माना डोलावतो. कोणी उठून विचारत नाही, बुवा, नेमकं काय केलंत? विचारणं असभ्य ठरेल. ती बोलायची रीत आहे. संतांच्या तोंडी ती रीत खरी होती, कारण त्यांनी त्या शब्दांची किंमत मोजली होती. पण रीत एकदा पडली की तिच्या आडोशाला कुणीही उभं राहू शकतं. ठोक पाप कबूल केलं की किरकोळ पाप, तारीख-वार-ठिकाण असलेलं, बिनबोभाट झाकलं जातं. हॉथॉर्नने ढोंगी पाद्री रंगवला असं सरसकट म्हणतात ते मला अपुरं वाटतं. डिम्सडेल धर्म पाळायचं सोंग करत नाही. तो पराकोटीचा श्रद्धाळू आहे, आणि त्याच्या श्रद्धेनेच त्याला लपायला सर्वांत सोयीची जागा दिली आहे.

आता विंगेतलं पुस्तक उघडतो. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ १९६७ साली ‘रंगायन’ने रंगमंचावर आणलं; दिग्दर्शक अरविंद देशपांडे, बेणारे सुलभा देशपांडे. मुंबईतल्या हौशी मंडळींची एक प्रोग्रेसिव्ह असोसिएशन एका गावात अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करायला आली आहे. रात्रीच्या खेळात खटला चालायचा आहे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्यावर, अण्वस्त्रं बनवल्याबद्दल. (अमेरिकेवर खटला चालवायला निघालेली ही माणसं वाटेत बॉस्टनचा चौथरा उभारून बसतात, हे तेंडुलकरांच्या मनातही नसेल, माझ्या पिशवीत मात्र ते झालं.) वेळ जायचा आहे, आणि गावातल्या साध्याभोळ्या सामंतला कोर्ट म्हणजे काय ते दाखवायचं आहे. म्हणून एक लुटुपुटीचा खटला रचतात. आरोपी शाळामास्तरीण लीला बेणारे. आरोप भ्रूणहत्येचा. तीनशे दोन कलम. हसत-खेळत सुरुवात होते.

सामंतने साक्षीदाराचं काम अंगावर घेतल्यावर जे होतं, तिथे माझं बोट दर वेळी थांबतं. काय बोलायचं ते त्याला सुचत नाही. मग तो वाचत असलेल्या एका रहस्यकथेतलं उसनं घेऊन रचत जातो: आपण प्रोफेसर दामल्यांच्या खोलीवर गेलो, दार बंद होतं, आत एक बाई रडत होती, अशा अवस्थेत मी कुठे जाऊ म्हणत होती. बिचारा घामाघूम होऊन थापा मारतोय. आणि थाप खरी निघते: बेणारेला दामल्यापासून दिवस गेलेले असतात. खोलीतली हवा बदलते, ती इथे. बेणारेचा चेहरा पांढरा पडतो, बाकीच्यांचे डोळे चमकतात. आमच्या प्रयोगात या जागी भुसावळच्या बाई नुसत्या हातातली पर्स घट्ट धरायच्या. मंडपात कुजबूज थांबायची.

डिम्सडेल खरं सांगतो आणि कुणी ते खरं मानत नाही. सामंत खोटं रचतो आणि सगळे ते झडप घालून खरं मानतात. दोन्हीकडे ऐकणाऱ्यांना सत्याशी काही देणंघेणं नाही. त्यांना हवं ते मिळालं की झालं. बॉस्टनच्या मंडळींना संत हवा होता, काशीकर मंडळींना शिकार. मात्र तेंडुलकरांची चाल मला अधिक क्रूर वाटते, कारण तिथे सत्य उघड करणारा एकमेव निष्पाप माणूस आहे, आणि आपण काय केलं हे त्याला नीटसं कळतही नाही.

नाटकात धर्म कुठे आहे? एका जागी त्याचं फार मार्मिक चित्र आहे. शपथ घ्यायला गीता नसते, म्हणून साक्षीदार ऑक्सफर्डच्या इंग्रजी डिक्शनरीवर हात ठेवतो. प्रेक्षक हसतात, मीही विंगेत हसायचो. आता हसू येत नाही. हॉथॉर्नच्या गावात निदान तो ग्रंथ खरा होता. त्यावर हात ठेवून खोटं बोलणाऱ्याच्या हाताला चटका बसत होता. इथे ग्रंथच बदली कामगार आहे. मातृत्वाच्या पावित्र्यावर भाषणं होतात, आईच्या थोरवीला संस्कृतचा टेकू दिला जातो, बालविवाह परत आणावेत असं काशीकर न्यायासनावरून म्हणतात. आणि त्यांचं कान कोरणं अखंड चालू असतं. पाप हा शब्द सगळ्यांच्या तोंडात आहे, पापाची भीती कुणाच्याच पोटात नाही.

म्हणून ‘लपलेली अपराधी भावना’ हे हॉथॉर्नचं सूत्र घेऊन तेंडुलकरांकडे गेलं तर हात रिकामे येतात. अपराधीपणा हा शब्दही आपल्या घरात फारसा बोलला जात नाही. आपण बोलतो ते अब्रू, नाव, चारचौघं, लोक काय म्हणतील. झाकली मूठ सव्वा लाखाची. मुठीत काय आहे याला मोल नाही. मोल झाकण्याला आहे. सुखात्मे हा अशील नसलेला वकील, पोंक्षे परीक्षेत आपटलेला शास्त्रज्ञ, काशीकर दांपत्य अपत्य नसलेलं आणि म्हणून चारचौघांत एकमेकांना गजरे नि बुशशर्ट घेऊन संसार सजवणारं, आणि त्यांच्या तुकड्यांवर वाढलेला बाळू रोकडे. प्रत्येकाची मूठ झाकलेली आहे, आणि पहिल्या अंकात बेणारे हसतहसत एकेकीची करंगळी सोडवून बघते. तिचा खरा गुन्हा तो. पुढचं कोर्ट हे त्याचं उसनं फेडणं आहे.

आणि दामले? बायकामुलं असलेला, विद्वान म्हणून मान असलेला. बेणारे सुरुवातीलाच सामंतला त्याच्याबद्दल सांगून टाकते, की खरा प्रसंग आला की हा तोंड लपवणार. पुढे त्याचं नाव साक्षीत येतं, पुन्हा येतं. आरोपीच्या बाजूचा साक्षीदार म्हणून त्याचा पुकारा होतो. उत्तर मिळतं, गैरहजर. पण इतक्या सगळ्या तावातावाच्या भाषणांत कुणी असं म्हणत नाही की त्याला पकडून आणा. फिर्यादीचा आणि आरोपीचा वकील एकच सुखात्मे, या खुर्चीतून त्या खुर्चीत जाताना खांदे पाडणारा. न्यायाधीश काशीकर मध्येच उठून पिंजऱ्यात जातात आणि स्वतःच साक्ष देतात. कोर्टाच्या सगळ्या जागा एकमेकांत मिसळतात. एक जागा तेवढी शेवटपर्यंत कुणी भरत नाही.

हॉथॉर्नने त्या जागी माणूस उभा केला, त्याला काळीज दिलं, त्या काळजाला घरं पाडली आणि अर्धी कादंबरी त्या काळजाला वाहिली. हेस्टरच्या आयुष्याहून डिम्सडेलच्या तळमळीवर त्याची लेखणी अधिक रेंगाळते, हे कबूल करायला हवं. याची मुळं त्याच्या घरात असावीत. त्याचा पणजोबांपलीकडचा पूर्वज विल्यम हॅथॉर्न क्वेकर पंथीयांचा छळ करणारा; विल्यमचा मुलगा जॉन १६९२ च्या सेलममधल्या चेटकिणींच्या खटल्यांत चौकशी करणारा न्यायाधीश. नॅथॅनिएलने आडनावाच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर वाढवलं. कादंबरीच्या प्रस्तावनेत तो या पूर्वजांची लाज स्वतःच्या माथी घेतो. म्हणजे अक्षर छातीवर आणि अक्षर आडनावात. दोषी पुरुषाच्या आत शिरणं त्याला भाग होतं. त्याचं स्वतःचं घर त्या सज्जात उभं होतं.

‘पुरुष कुठे आहे?’ हा प्रश्न आपल्याकडे पहिल्यांदा मोठ्याने विचारला तो एका बाईने, आणि त्याला आमच्या तापीचा संबंध आहे. ही नदी बुऱ्हाणपूरवरून खाली खानदेशातून सुरतेला जाते. १८८१ साली सुरत जिल्ह्यात विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला नवजात मूल मारल्याबद्दल फाशी सुनावली गेली. पुढे अपिलात ती शिक्षा कमी झाली. वर्तमानपत्रांतून बायकांच्या चालचलणुकीवर प्रवचनं झडली. ती वाचून, आमच्या दक्षिणेला लागून असलेल्या बुलढाण्यात ताराबाई शिंदे या बाईचं डोकं फिरलं, आणि १८८२ मध्ये पुण्यात ‘स्त्रीपुरुष तुलना’ छापून निघालं. ताराबाईंना पुरुषाच्या अंतरंगात मुळीच रस नाही. तो रात्री स्वतःला आसूड मारतो का, हे त्या विचारत नाहीत. ज्या दुर्गुणांची यादी तुम्ही आमच्या नावावर मांडता ते तुमच्यात नाहीत का, एवढाच त्यांचा मुद्दा आहे, आणि तो त्या स्वयंपाकघरातल्या भाषेत, न थांबता, कढई आपटत मांडतात. दामल्याची रिकामी जागा मला या परंपरेतली वाटते. तेंडुलकरांना त्याचं मन रंगवता आलं नसतं असं नाही. त्यांनी ते रंगवायचं नाकारलं. दामल्याला रंगमंचावर आणला असता तर दोन वाक्यांत तो आपली सहानुभूती घेऊन गेला असता. विद्वानांना ते जमतं.

हॉथॉर्नशी माझं भांडण एकाच ठिकाणी आहे. शेवटच्या प्रकरणात तो बोध सांगतो, की खरे व्हा, आपलं वाईट जगापुढे ठेवा. हे ऐकायला बरं. पण १८६३ मध्ये पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी आपल्या घरात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, ते नेमकं उलट सांगत होतं: विधवांनी यावं, गुपचूप बाळंत व्हावं, हवं तर मूल ठेवून जावं; कुणी नाव विचारणार नाही. तिथे बाळंत झालेल्या काशीबाईंचा मुलगा यशवंत पुढे १८७४ मध्ये फुल्यांनी दत्तक घेतला. हे घर गुपितावर उभं होतं. उघडं पडणं पुरुषाला मुक्ती देऊ शकतं, सात वर्षांनी का होईना, चौथऱ्यावर चढून छाती उघडून. बाईला ते विहिरीकडे नेत होतं. खरेपणाचा भाव दोघांना एक नाही, हे फुल्यांनी ओळखलं होतं. हेस्टरलाही ते कळलं असतं. ती गप्प राहिली, ती का उगाच?

मात्र कलाकृती म्हणून हॉथॉर्नची बांधणी पाहिली की हात जोडावेसे वाटतात. लालबागेत आमच्याकडे कुंडी भंडारा आहे. जहांगीराच्या काळात, १६१५ च्या सुमारास इराणी भूजलतज्ज्ञ तबकुतुल अर्ज याने सातपुड्यातून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून गावापर्यंत आणलं. वरून बघाल तर शेतात, रस्त्याकडेला, नुसती कुंड्यांची तोंडं. एकमेकींपासून दूर, आपापली. लिफ्टने ऐंशी फूट खाली गेलं की दिसतं, एकच पाणी सगळीकडे वाहतंय, चुन्याने पांढऱ्या झालेल्या भिंतींना घासून. हॉथॉर्नच्या तीन चौथरा-प्रसंगांचं असंच आहे. पहिला दुसऱ्या प्रकरणात, भर दिवसा, हेस्टर एकटी. मधला बाराव्यात, मध्यरात्री. तिसरा तेविसाव्यात, निवडणुकीच्या प्रवचनानंतर, सगळ्यांसमोर. तिन्हींच्या खाली एकच प्रवाह आहे, आणि पाणी प्यायचं असेल तर मधल्या कुंडीत उतरावं.

मध्यरात्री डिम्सडेल चौथऱ्यावर चढतो, कुणी बघणार नाही अशा वेळी. कबुलीचीही तालीम, प्रेक्षक नसताना. तेवढ्यात मरणशय्येजवळून परतणारी हेस्टर मुलीसह येते. तिघे हात धरून अंधारात उभे राहतात. छोटी पर्ल विचारते, उद्या दुपारी आमच्याबरोबर इथे उभा राहशील? तो म्हणतो, उद्या नाही. शेवटच्या न्यायाच्या दिवशी. मुलगी हसते. आभाळात अक्षराच्या आकाराची उल्का वगैरे चमकते ते मला जड वाटतं. पर्लही पुष्कळदा मूल कमी आणि खूण जास्त आहे. पण त्या ‘उद्या दुपारी’ला तोड नाही. दुसऱ्या दिवशी चर्चचा माणूस पाद्रीबुवांचा काळा हातमोजा आणून देतो: चौथऱ्यावर सापडला, सैतानानेच टाकला असणार तुमची बदनामी करायला. डिम्सडेल हातमोजा घेतो, आभार मानतो. पुरावा हातात आणून दिला तरी भक्तांच्या श्रद्धेने तो धुऊन, घडी करून दिलेला असतो.

तिसऱ्या प्रसंगात तो खरोखर चढतो, छाती उघडतो, मरतो. आणि मग हॉथॉर्न जे करतो त्यासाठी मी त्याला बोध माफ करतो. छातीवर काय होतं? बहुतेकांनी लाल अक्षर पाहिलं. ते कसं उमटलं याच्या निरनिराळ्या कथा. पण काही सज्जन शपथेवर सांगतात, छातीवर काही नव्हतंच. त्याने कुठलीही कबुली दिली नाही. तो एका पतितेच्या हातात मेला तो आपल्याला नम्रतेचा धडा घालून देण्यासाठी. म्हणजे शेवटची, खरीखुरी, रक्ताळलेली कबुलीही पुन्हा प्रवचनात जमा. लेखक कोणाच्याच बाजूने निकाल देत नाही.

बेणारेची कबुलीही कुणी ऐकत नाही, पण तेंडुलकरांनी ते रंगमंचाच्या भाषेत केलं. आरोपीला बोलायला दहा सेकंद मिळतात. त्या दहा सेकंदांत बाकी सारे पुतळ्यासारखे थिजतात आणि ती बोलत सुटते: कोवळ्या वयात मामावर जडलेलं प्रेम, मग प्रोफेसरची बुद्धी पूजता पूजता त्याने फक्त शरीर घेणं, आणि तेच शरीर आता पोटातल्या जिवासाठी तिला हवं असणं. स्वगत मला थोडं लांबतं. काही वाक्यं बेणारेपेक्षा लेखकाची वाटतात. विंगेत पानं उलटताना मला नेहमी धास्ती असायची. पण ते संपतं, माणसं हलायला लागतात, कोर्ट जिथे होतं तिथून पुढे सुरू होतं, आणि कळतं की आपल्याशिवाय कुणी काही ऐकलेलंच नाही. मग निकाल: मातृत्व पवित्र असल्यामुळे या बाईच्या पोटातलं मूल नष्ट करण्यात यावं. ज्या गुन्ह्याचा खटला, तीच शिक्षा. काशीकरांना यात विसंगती दिसत नाही. आमच्या मंडपात, खोटं कशाला सांगू, पहिल्या रात्री या वाक्याला टाळ्या पडल्या होत्या. कशाला पडल्या हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

शेवटी सामंत परत येतो. पुतण्यासाठी घेतलेला हिरव्या कापडाचा पोपट विसरला होता. निपचित पडलेल्या बेणारेला पाहून काय करावं हे त्याला सुचत नाही. तो पोपट हळूच तिच्यासमोर ठेवतो आणि निघून जातो. पडदा पडला की पोपट उचलायचं काम माझ्याकडे असे.

त्या वर्षी पडद्यानंतर मी पोपट हातात घेऊनच बाहेर आलो. सतरंज्या गुंडाळणं चाललं होतं. आमच्या गल्लीतल्या आजी पुढच्याच रांगेत पाय पसरून बसलेल्या. नातीने त्यांना सगळी हस्तपत्रिका वाचून दाखवलेली होती.

“काय रे, तो मास्तर शेवटपावेतो आलाच नाही का?”

“नाही आजी. त्याचं कामच नाही नाटकात.”

“असं कसं? कागदावर नाव आहे ना त्याचं,” असं म्हणून त्यांनी हस्तपत्रिकेच्या चार घड्या घातल्या, ती कनवटीला खोचली आणि उठायला माझ्याकडे हात केला.